पाचवी मोटार

४ जानेवारी २०२६, रविवार

मोटारी चार. हव्यात पाच. अमेरिकेतल्या मूळ क्लबाचा नियम — स्वतःच्या इंजिनावर आलेल्या पाच जुन्या अमेरिकन मोटारी एका जागी, तरच बीडला शाखा. पाहणी १५ फेब्रुवारीला. दीड वर्षापूर्वी गटात सहा जण होतो, आता ऐंशी. त्यातल्या शहात्तर जणांकडे नुसतं प्रेम आहे, मोटार नाही.

पवन आमचा सचिव. गेवराईला गणित शिकवतो, आजोबांची विलीज जीप चालवतो. म्हणाला, स्वीडनमध्ये खेड्यापाड्यांत असे क्लब आहेत, मग बीडनंच काय घोडं मारलंय?

मी म्हटलं, स्वीडनमध्ये सुटे भाग मिळतात.

१० जानेवारी, शनिवार

सापडली! गेवराई तालुक्यात, चकलांब्यात. १९५४ची प्लिमथ, पत्र्याच्या शेडमध्ये, टपावर कापसाची पोती. मालकीण भिमाबाई, वय एक्क्याऐंशी. नवरा पंडित हैदराबादेत ड्रायव्हर होता. ही मोटार घेऊन गावी आला, ते एकाच कामासाठी. आपल्या बौद्ध वस्तीतला नवरदेव घोड्यावर बसला की गावातले लोक त्याला वेशीत अडवायचे.

"घोडं अडवता येतंय," भिमाबाई म्हणाल्या. "ही कोन अडवनार?"

चौतीस नवरदेव हिच्यातून वेशीबाहेर गेले. शेवटचा १९९१ साली.

मी चाकांची मापं लिहीत राहिले.

भंगारवाला पाहून गेलाय. भिमाबाईंनी मुदत दिली — महिनाअखेर. चालू झाली तर ठेवणार, नाहीतर तो नेणार.

११ जानेवारी

इंजिन जाम. सहाही सिलिंडरांत डिझेल आणि गिअर ऑइल ओतलं. आता थांबायचं. मला थांबता येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

धुळाजी, गावातला ट्रॅक्टर मिस्त्री, डाव्या चाकाच्या बोल्टवर पान्याला पाइप लावून लटकला. कट्! तुटला. दुसराही. "गंजलंय लई बे," पवनला म्हणाला. तिसऱ्यावर पाइप चढवणार तेवढ्यात मी आडवी गेले. बोल्टचं डोकं पुसलं. त्यावर इंग्रजी 'एल' कोरलेला — उलटे आटे! या मोटारींना डावीकडचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. तो सोडवत नव्हता, आवळत होता.

पाना उलटा फिरवला. कुरकुरला, सुटला.

धुळाजीनं बोल्टवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "चाळीस वर्सं झाली हातात पाना हाय. आज कळलं, उलटा धरलाय."

पवन हसता हसता पोत्यावर बसला. त्याच्या डाव्या गालावर ग्रीस होतं, साधारण तीन सेंटिमीटर. हे का लिहिलं, माहीत नाही.

२५ जानेवारी

इंजिनची पुली फिरली. पाव फेरा. मी ओरडले. मी!

३१ जानेवारी, शनिवार

चालू!!

अकरा वाजून वीस मिनिटं. पेट्रोल टांगलेल्या बाटलीतून. आधी पाच सिलिंडर, मग अडखळत सहावा. शेडमधली सगळी कबुतरं उडाली. भिमाबाईंनी बॉनेटवर तळहात ठेवला तो काढेचनात. भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आम्हाला साखर खायला दिली.

पवननं माझा हात धरला. हातात पाना होता. म्हणजे पाना धरला, असंही म्हणता येईल.

१ फेब्रुवारी, रविवार

अडचण. भिमाबाई मोटार बीडला नेऊ देत नाहीत. नवरदेव आत बसल्याशिवाय पंडितनं हिला कधी वेस ओलांडू दिली नाही.

"मोकळी जानार न्हाई. नवरदेव बसवा आन् न्या."

सुरज — आमचा अध्यक्ष, शेव्हरलेवाला — म्हणाला, त्यात काय, कुणालाही फेटा बांधून बसवू. मी नाही म्हटलं. त्या सीटवर खोटा नवरदेव बसणार नाही, शाखा गेली तरी चालेल. सुरज चिडला. पवन म्हणाला, ती म्हणते ते बरोबर आहे.

परतताना जीप सगळा रस्ता त्यानं दुसऱ्या गिअरमध्येच चालवली.

७ फेब्रुवारी

ब्रेकचे पाइप बदलले. गावातल्या गावात चालवून पाहिली, उत्तम. १५ तारखेचे खरे नवरदेव शोधले. तालुक्यात तीन सापडले. तिघांनाही सनरूफ हवंय. सनरूफ!

८ फेब्रुवारी, रविवार

पवननं शेडमध्ये विचारलं, "आपल्यात लग्नाला मुहूर्त लागत नाही ना?"

"नाही."

मी स्पार्क प्लगचं अंतर मोजलं. तिसऱ्यांदा.

९ फेब्रुवारी

आईला सांगितलं. आधी ती हसली. मग मी हसत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं.

१५ फेब्रुवारी, सकाळी सात, शेडमध्ये

चावी मिळाली. पुढे डाव्या सीटवर भिमाबाई, नव्या लुगड्यात. मागे पस्तिसावा नवरदेव — फेटा छताला टेकतोय, गालावर आज ग्रीस नाही. बीडच्या विहारात लग्न अकराला, क्लबाची पाहणी तीनला. वेस इथून दोनशे मीटर. चालवणार नवरी.