बाण मागे, गाडी पुढे

प्रिय धाकटे,

आधी नीट बस, चष्मा पूस आणि मगच वाच, कारण हे पत्र मी मान ताठ करून, कुणाचीही भीडभाड न ठेवता लिहितेय. मी जिंकले! गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि माझे डोळे शाबूत आहेत तोवर तिथेच राहणार. फोनवरच सांगणार होते, पण गाडीचं नाव काढलं की नेमकी तुझ्या दाराची बेल वाजते. रोज कोण येतं गं एवढं तुझ्याकडे? आणि हो, तू विचारणारच म्हणून आधीच सांगते: खांदा उत्तम आहे. दर वेळी विचारतेस, दर वेळी मी हेच सांगते.

झालं काय, ते ऐक. गेल्या महिन्यात दंतवैद्याच्या दवाखान्यापुढे, जिथे रस्ता खोलगट आहे आणि जरा पाऊस झाला की तळं साचतं, तिथे आपली गाडी एकाएकी तरंगायला लागली. स्टिअरिंग इतकं हलकं झालं की जणू खालून कुणी चाकंच काढून नेली. ब्रेक दाबतेय तर गाडी आपली सरकतेय, आणि सरकत सरकत जाऊन दवाखान्याच्या झुडपांच्या कुंपणात बसली. लागलं कुणालाच नाही. आत खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटने तेवढं तोंड मिटलं, असं नंतर कळलं. संध्याकाळी चिरंजीव हजर! "आई, आता पुरे. तुझं वय काय, गाडी केवढी!" गाडी केवढी आहे हे तो मला सांगणार! ह्यांनी ती घरी आणली तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं होतं, आम्ही आणखी एक खोली बांधली. ह्यांच्यामागे ती मीच चालवतेय. मग म्हणाला, "तुझे हात थरथरतात." धाकटे, माझे हात! मी उभी हयात ऑपरेशन थिएटरची मेट्रन होते. मोठमोठ्या सर्जन लोकांना मी परत नळावर पाठवलंय, हात नीट धुतले नाहीत म्हणून. आणि हा मुलगा, ज्याच्या नाकाला रुमाल मी धरत आले, तो माझ्या हातांवर बोलतो.

त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्याच्या गाडीवाल्या क्लबचा 'ओल्या रस्त्याचा दिवस', म्हणजे पाण्यातून गाडी चालवून दाखवायचा दिवस, झाला की किल्ली त्याच्याकडे द्यायची, दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर येणार. ड्रायव्हर शोधूनही ठेवला होता. "त्या दिवशी तू चालव हवं तर. सगळ्यांसमोर तुझं तुलाच कळेल," म्हणाला. ही त्याची माया! सूनबाई मागे उभी राहून माझ्याकडे बघत डोळे फिरवत होती, तेवढाच आधार.

तुला त्याचा क्लब माहीत नसेल. आपल्यासारख्या लांबलचक, आलिशान गाड्या असलेले पुरुष दर रविवारी एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये जमतात आणि टायरवर बोलतात. लग्नाळू मुलींचे बापसुद्धा जावयांवर इतकं बोलत नसतील. हातात वेळ होता, किल्ली जायची होती, म्हणून मी मुद्दाम गेले. म्हटलं, बघू तरी, दोष टायरचा असू शकतो का. एक वकील आहेत, त्यांनी मऊ टायर घातलेत. गाडीत इतकी शांतता झाली म्हणे की बायको काय बोलते ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं, आणि आता ते पुन्हा आवाज करणारे टायर शोधताहेत. एक बिल्डर आहेत, त्यांच्या टायरमधली हवा गेली तरी गाडी पुढे धावते. पण ते टायर इतके कडक, की रस्त्यावरच्या खड्याने आधी त्यांच्या पोटातला खडा हलतो. तिसरे कापडाच्या गिरणीचे मालक. त्यांचे टायर झिजतच नाहीत. "पण वळणावर धरतात का?" मी विचारलं. "धरत नाहीत, पण झिजतही नाहीत!" ह्या गृहस्थांच्या गिरणीत मॅनेजरही असाच असणार. आणि आपले चिरंजीव त्या सगळ्यांचे टायरगुरू! कोण कुठले टायर घालून किती खुश, किती नाराज, सगळं त्याला विचारायचं. माझ्या गाडीच्या टायरबद्दल तो सगळ्यांना सांगत होता, "कोरड्यात झकास, पावसात बेभरवशाचे. त्यातून आई चालवते." सगळे हसले. मी नाही हसले. मी विचारलं, "तुमच्यापैकी साचलेल्या पाण्यातून वेगात कोण गेलंय?" कुणीच नाही. पाऊस आला की म्हणे ते गाडी झाकून ठेवतात!

मग मी म्हटलं, खड्ड्यात गेला क्लब, आपण सरळ नवे टायर घेऊ. दुकानात फोन केला, तर माणूस म्हणाला, टायरच्या कडेला माप लिहिलेलं असतं तेवढं वाचून सांगा. पायपुसणं टाकलं आणि गुडघ्यांवर बसले. कॉन्व्हेंटने आपल्याला दुसरं काही दिलं नसेल, गुडघे टेकायची सवय दिली! आणि मेट्रनला लेबल अर्धवट वाचता येत नाही. बाटली हातात घेतली की पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायची, हे मी किती पोरींना शिकवलंय. माप वाचलं, मग कंपनी, मग बारीक बारीक सगळं. त्यात एक बाण होता आणि त्याच्याशेजारी लिहिलं होतं, की चाक ह्या दिशेने फिरलं पाहिजे. बाण चाकाच्या माथ्यावर होता आणि गाडीच्या डिकीकडे तोंड करून! मी चाकाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून पाहिलं, गाडी पुढे जाताना चाक कसं फिरतं ते हवेत फिरवून पाहिलं. समोरच्या घरातली बाई कचरा टाकायचा विसरून बघत राहिली. मग उठले, पलीकडच्या बाजूला जाऊन परत गुडघे टेकले. तिथेही बाण मागे. चारही चाकं उलटी! दुकानदाराला परत फोन केला तेव्हा त्याने समजावलं. ह्या टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकायला कापलेल्या असतात. उलटे बसवले की ते पाणी फेकायचं सोडून स्वतःखाली ओढतात, आणि मग गाडी पाण्यावर चढते.

आता चारही चाकं उलटी कशी झाली? तर क्लबात एक धर्म आहे, त्याचं नाव क्रॉस. पुढचं उजवं चाक काढून मागे डावीकडे, पुढचं डावं मागे उजवीकडे, मागची तशीच पुढे. टायर सारखे झिजावेत म्हणून. साध्या टायरना ते चालत असेलही. बाणवाल्यांना कधीच चालत नाही. आणि आमच्या अंगणात बाह्या सरसावून, घाम पुसत क्रॉस कुणी केला असेल, हे काय तुला सांगायला हवं?

मी गप्प बसले. मी! पुरा आठवडा! सूनबाईला वाटलं मला ताप आहे.

ओल्या रस्त्याचा दिवस एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर होता. टँकरने पाणी सोडून तळं केलेलं, दोन्ही बाजूंना लाल शंकू. त्यांच्यामधून वेगात जायचं, ब्रेक मारायचा आणि शंकूंना न शिवता थांबायचं. चिरंजीवांनी माझ्यासाठी अदबीने दार उघडलं. मी म्हटलं, "आधी तू. आईला दाखव कसं चालवायचं ते." तो हसत स्टिअरिंगमागे बसला, मी शेजारी. पाण्यात शिरलो मात्र, गाडी उचलली गेली. त्याने स्टिअरिंग इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, गाडीला पत्ताच नाही. शंकू पत्त्यांसारखे उडाले आणि आम्ही आडवे होऊन थांबलो. मी त्याच्या हातांकडे बघून एवढंच विचारलं, "थरथरताहेत का रे?"

खाली उतरलो तर सगळे कारणं घेऊन तयार. पाणीच जास्त सोडलं, रबर जुनं झालं, कंपनीच बोगस. मी म्हटलं, "जरा वाका सगळे आणि वाचा." एकेक जण पोट सांभाळत वाकला. बाण दिसल्यावर जी शांतता पसरली, ती वकिलांच्या मऊ टायरनाही जमली नसती. क्लबने बोलावलेली टायरवाल्याची माणसं तिथेच होती. त्यांनी उजवीकडची चाकं डावीकडे, डावीकडची उजवीकडे घातली. मग मी बसले. तोच वेग, तेच पाणी. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठल्या आणि गाडी मधून सुरीसारखी सरळ गेली. ब्रेक मारला, थांबली. एक शंकू हलला असेल तर शपथ! टाळ्या वाजल्या गं. गिरणीवाले पहिले आले, "मेट्रन, आमचीही एकदा तपासता का?" संध्याकाळपर्यंत मी सगळ्या गाड्यांपुढे गुडघे टेकून आले. आणखी दोन गाड्यांचे बाण उलटे निघाले. बिल्डरसाहेबांनी मला लिंबू सरबत आणून दिलं, तेही स्वतः.

परत येताना गाडी मीच चालवत होते. चिरंजीव खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आई, क्रॉस मी त्या उन्हाळ्यात केला होता. मावशीच्या पावसाच्या आधीच्या."

म्हणून हे पत्र. त्या पावसात हीच गाडी तू चालवत होतीस, मी शेजारी होते, आणि आपण दुभाजकावर आदळलो. माझ्या खांद्याचं हाड मोडलं. तू पोलिसाला, डॉक्टरला, सगळ्यांना एकच सांगत होतीस, की गाडी तरंगली. सगळ्यांनी तुझ्या वयाकडे बघून माना हलवल्या. मग तू सांगायचं सोडलंस आणि माफी मागायला लागलीस. स्वतःची छोटी गाडी विकलीस, माझ्याकडे यायचं बंद केलंस. धाकटे, तू खरं बोलत होतीस. तुझा काडीचाही दोष नव्हता. हे कागदावर लिहून पाठवतेय, म्हणजे मनात शंका आली की काढून वाचशील. रविवारी सकाळी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तो माफी मागेल. लगेच "असू दे रे" म्हणून त्याला सोडू नकोस, पुरती मागू दे. मग बॅग भरून माझ्याकडे राहायला चल. येताना गाडी तू चालवायचीस. मी शेजारी बसेन. चिरंजीवांना मागची सीट दिली आहे, आणि वाटेत तोंड उघडायचं नाही अशी ताकीदही.

तुझीच,
ताई