ट्यूब कुणी दिली?

काल्हेर
सोमवार, दुपार

प्रिय दिशा,

काल्हेरहून कशेळीला रिक्षाने दहा मिनिटं लागतात, ट्रकांची रांग असली तर अर्धा तास. एवढ्याशा अंतरासाठी आत्याने वहीची पानं फाडून पत्र लिहावं, हे बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला भांडण उकरून काढते आणि समोर आले की सगळं थट्टेवारी नेते, हे तुला ठाऊक आहेच. प्रितेशचं लग्न ठरलं. पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला हळद आहे. त्याने तुला फोन केला तेव्हा तू म्हणे "बघते" एवढंच म्हणालीस. आतेभावाच्या लग्नाला करवलीने "बघते" म्हणायची पाळी आली, ती माझ्यामुळे. सात महिने झाले, आपण एकमेकींशी बोललो नाही. तू माझ्या घरी पुन्हा यावंस असं मला फार वाटतं गं. पण ते मागायच्या आधी थोडं मागचं बोलायला हवं.

तू सतरा वर्षांची असताना तुझ्या कपाळावर पहिल्या पुटकुळ्या आल्या, तेव्हा अख्ख्या अंजूर गावाने तुझ्यावर डॉक्टरकी केली. त्यातली सगळ्यात मोठी डॉक्टर मी. बेसन आणि साय झाली, लिंबू झालं, एकदा तर टूथपेस्ट लावून तुला ओटीवर बसवली होती. पिकलेल्या पुटकुळ्या मीच दोन बोटांनी दाबायचे आणि तू ओरडलीस की वर धपाटा घालायचे. शिवाय अंगातली उष्णता म्हणून तुझी सुकट बंद केली. तीन वर्षं! तुझ्या घरी, महादूदादाकडे, सगळे सुकट-भाकरी खायचे आणि तू डाळीत बोट बुडवून बसायचीस. तू रडायचीस, पण खिडकीकडे तोंड करून. कॉलेजात पोरं काय म्हणायची, ते मला खूप उशिरा कळलं. तरी तू तोंडाला ओढणी गुंडाळून कधी गेली नाहीस. चेहरा उघडा ठेवून रिक्षात बसायचीस, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. मी मात्र गेली कित्येक वर्षं पदर डोक्यावरून गालापर्यंत ओढल्याशिवाय उन्हात पाऊल टाकलेलं नाही.

मग मी तुला आमच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लावलं. तिथे तुझं काम बघून सुपरवायझर चकित व्हायचा. आम्ही बाया टेपचं टोक शोधत बसायचो तोवर तुझे चार खोके बंद झालेले असायचे. पण जेवायच्या सुट्टीत सगळ्यांचा विषय एकच, तुझे गाल. तुला लग्नासाठी बघायला माणसं येणार होती, आणि मला राहवलं नाही. माझ्या डब्याच्या पिशवीतून ती पांढरी ट्यूब काढून मी तुझ्या हातात दिली. रात्री लावून झोप म्हणाले. ती माझ्या पिशवीत काय करत होती, हे तू तेव्हा विचारलं नाहीस. आठ दिवसांत तुझा चेहरा असा उजळला की भाविकच्या घरचे पहिल्या भेटीतच हो म्हणाले. मी आठ महिने मिरवत होते. पोरीचं नशीब मी काढलं, असं दादाला तोंडावर सांगितलं होतं. मग एकदा ट्यूब संपली, मेडिकलवाल्याकडे चार दिवस माल नव्हता, आणि तुझं तोंड भाजल्यासारखं लाल झालं. हनुवटीपासून कानापर्यंत नुसती मुरमं.

भिवंडीला त्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे तू मला सोबत नेलंस. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वयात आल्यावर हार्मोनमुळे तेल जास्त सुटतं, मेलेली कातडी त्यात अडकून छिद्राचं तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात आणि मग ते सुजतं. चेहरा मळका असण्याशी किंवा पोट साफ नसण्याशी त्याचा काही संबंध नाही. तू लगेच विचारलंस, सुकटीचं काय? मॅडम हसल्या. सुकटीने काही होत नाही म्हणाल्या, काहींना फार गोड खाऊन वाढतं तेवढंच. तू माझ्याकडे जी नजर टाकलीस ना, ती मी अजून विसरले नाही. तुझी पाळी वेळेवर येते का, हेही त्यांनी विचारलं, कारण कधी कधी मूळ तिथे असतं. मग तू पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवलीस आणि त्यांचा चेहराच बदलला. यात स्टिरॉइड आहे म्हणाल्या. लाली आणि सूज दाबून ठेवतं म्हणून चेहरा उजळ दिसतो, पण आतून कातडी पातळ होत जाते, आणि बंद केलं की सगळं दुप्पट उसळतं. घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो.

त्यांनी विचारलं, "ये किसने दी?" मी कागदावरच्या चित्राकडे बघू लागले. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "मैं ही लाई, मेडिकल से," म्हणालीस, आणि सगळी बोलणी मान खाली घालून ऐकून घेतलीस. शिकलेली मुलगी असून असं कसं केलंस, डॉक्टरला न विचारता असलं काही लावतात का, सगळं. परत येताना रिक्षात मी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. थँक्यू म्हणायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

त्यानंतर तू जे केलंस, ते मी लांबून बघत होते. साधा साबण, रात्री हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम, तेही नुसतं पुटकुळीवर न लावता सगळ्या चेहऱ्यावर पातळ, सकाळी उन्हाचं क्रीम, आणि काही आठवड्यांच्या गोळ्या. याहून जोरदार गोळ्याही असतात, पण त्यांना रक्त तपासत राहावं लागतं आणि पोटात मूल राहून अजिबात चालत नाही, म्हणून लग्नाच्या तोंडावर नको असं मॅडमच म्हणाल्या. तीन महिने धीर धर, आधी जास्त दिसेल, मग उतरेल. आणि तुझी हळद होती दुसऱ्या महिन्यात! तेव्हा तुझ्या कानाशी लागून मी म्हटलं होतं, चार दिवस ट्यूब लाव, फोटोपुरती, कुणाला कळणार आहे. हो, मॅडमचं सगळं ऐकून आल्यावर. तू नाही म्हणालीस. भाविकला फोन करून आपला चेहरा सध्या कसा आहे ते स्वतः सांगितलंस, आणि फोटोही पाठवलास. माझ्यात तेवढी छाती नव्हती, म्हणून मी त्याला तुझा आगाऊपणा म्हणाले.

मग ती हळद. मांडवात पाचशे माणूस, बँजो थांबलेला, हळदीचे धवले गाणारी सीताबाई सूर लावून बसलेली, आणि मी मानाची आत्या, दोन्ही हात हळदीने आणि तेलाने माखून तुझ्या तोंडाकडे निघालेली. तू माझं मनगट धरलंस. "आते, हातापायाला लाव. तोंडाला न्हाय." हळू बोललीस, पण माईक सीताबाईच्या हातात होता आणि सगळ्या मांडवाने ऐकलं. मी म्हटलं, आत्याची हळद नाकारतेस? सीताबाई माझ्यावरच खेकसली, "नवरी न्हाय बोलते ना? मंग पायाला लाव आनी बाजूला हो, माझा धवला थांबलाय." लोक हसले. मी परातीत हात पुसले आणि न जेवता घरी आले. दुसऱ्या दिवशी लग्नाला आले ती पाहुण्यासारखी, मागच्या रांगेत. तिथून तुला बघितलं. लाल गाल, हनुवटीवर मुरमं, वर कसलेही थर नाहीत, आणि फोटोवाल्याकडे सरळ बघत होतीस. त्या दिवशी मला तुझा राग आला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला तुझा हेवा वाटला होता, दिशा. एवढी देखणी नवरी मी आपल्या भावकीत बघितली नाही.

पान संपत आलं आणि मूळ गोष्ट अजून तशीच आहे. ती ट्यूब मी तुझ्यासाठी आणली नव्हती, बाय. ती माझी होती. प्रितेश दहावीत असताना माझ्या गालांवर वांग आले, तेव्हापासून नऊ वर्षं मी ती रोज लावत होते, घरात कुणाला न कळू देता. चंद्रा अजून गोरीपान आहे म्हणतात ना, ती ही अशी. तुझ्या लग्नानंतर दोनदा बंद करून बघितली आणि चौथ्या दिवशी आग सहन न होऊन पुन्हा लावली. आज बारावा दिवस आहे. गाल लालभडक झालेत, सत्तेचाळिसाव्या वर्षी हनुवटी पुटकुळ्यांनी भरली आहे, आणि मॅडम तेव्हा म्हणाल्या ते खरं असेल तर सतरा तारखेला वरमाय याच तोंडाने मांडवात उभी राहणार. राहीन. तू राहिलीस, मग मी कोण मोठी लागून गेले? लग्नाचं बोलावणं करायला मी आणि प्रितेश रीतसर कशेळीला येणारच आहोत, हे पत्र त्यासाठी नाही. गुरुवारी दुपारी दोनला भिवंडीला मॅडमकडे माझा नंबर आहे. तुझ्या कागदावर त्यांनी, ट्यूब तू स्वतः आणलीस, असं लिहिलेलं असेल, ते मला खोडायला लावायचंय. माझ्या भाचीला ती मी दिली, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली, हे मी त्यांना सांगणार आहे. तेव्हा शेजारच्या स्टुलावर तू बसलेली असावीस, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं.

गुरुवारची वाट बघणारी, तुझीच
चंद्राआत्या