साठ छोटे पाव

४ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

फोन केला असता, पण तुझ्या कानांना फोन आता मानवत नाही आणि मला आनंद ओरडून सांगता येत नाही. म्हणून पत्र. माझं पुस्तक छापून आलं! चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कविता पोरांना चालीवर शिकवणाऱ्या मास्तराने बहात्तराव्या वर्षी ‘सात वाऱ्यांचं नगर’ नावाची चारशे पानांची अद्भुत कादंबरी लिहिली, यावर घरात अजून कोणाचा विश्वास नाही. तुझी वहिनी म्हणते, वाण्याकडे पाठवलं तर निम्म्या वस्तू विसरणाऱ्या माणसाला सात वाऱ्यांची नावं आठवली तरी कशी.

पहिली प्रत सोबत आहे. प्रकाशन सव्वीस तारखेला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. संपादकबाईंना माझी भट्टीवाली फार आवडली. ती नगराला पाव पुरवते, आणि प्रत्येक घाण्याला एक छोटा पाव वेगळा करून खिडकीत ठेवते, धुक्यात हरवलेल्या आपल्या मुलीसाठी. बाईंच्या मनात आलं की समारंभाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तसाच एक छोटा पाव द्यावा. साठ लागतील. त्या बेकरीतून मागवणार होत्या. मी छाती फुगवून सांगितलं की छे, अस्सल हात आमच्या घरातच आहे. करशील ना?

शेवटचं प्रकरण मी खास तुझ्यासाठी लिहिलं आहे. ते आधी उघडू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे.

लोभ आहेच, आता थोडा वाचकाचाही असावा.

तुझा दादा

९ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ छान आहे, पण मागच्या बाजूच्या फोटोत तू फळा पुसायला उठल्यासारखा दिसतोस. वहिनीने निवडला नसणार.

इकडे सगळं ठीक. ओव्हनच्या दाराची बिजागरी ढिली झाली होती. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने तार गुंडाळून दिली, आता दार लागतं पण कुरकुरतं, म्हणजे माझ्यासारखंच. एक चूक दाखवू? पान एकशे बारावर बर्फ पडत असताना पीठ तासाभरात दुप्पट फुगतं. असं होत नाही. तुझ्या राज्यात जादू असेल, पण यीस्टला जादू कळत नाही. थंडीत त्याला रात्रभर वेळ द्यावा लागतो, वर ओलं फडकं घालून. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर.

शेवटचं प्रकरण वाचलं.

पावांचं नंतर कळवते. वहिनीला नमस्कार. प्रकृतीला जपावं आणि माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी धाकटी

१३ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

यीस्टची चूक शिरसावंद्य. वर्गात पोरं माझ्या चुका काढायची तेव्हा त्यांना गुण द्यायचो. तुला दहापैकी दहा.

निमंत्रणपत्रिका छापून झाली. तळाशी ‘लेखकाच्या भगिनींच्या हातचे छोटे पाव’ अशी ओळ आहे. बघून मला शाळेच्या स्नेहसंमेलनाइतका आनंद झाला. मी शेवटचं प्रकरण वाचणार आहे. तालीम सुरू आहे. आरशासमोर उभा राहून वाचतो आणि दोन ठिकाणी अडतो. तूही अडलीस का? त्याबद्दल चार शब्द लिहिले असतेस तर बरं वाटलं असतं.

वहिनीने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, यीस्टवर सात ओळी आणि शेवटच्या प्रकरणावर तीन शब्द, तुम्हाला काही कळतं का? मला नाही कळलं. तुला सवडच नसेल, असं मी म्हणालो. तिने पत्र माझ्या हातात परत ठेवलं आणि आत निघून गेली.

साठ पावांना मैदा किती लागेल ते कळव, म्हणजे पाठवून देतो. उत्तराची वाट पाहणारा,

दादा

१७ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीला कळलं ते तुला कळलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या ट्रेमध्ये अकरा पाव मोठे आणि एक छोटा का, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, उरलेल्या पिठाचा आहे. तूही दोनदा विचारलंस, तुलाही तेच सांगितलं. तुला खरं दिसलं होतं हे मला पुस्तक वाचून कळलं. तीन दिवसांच्या तापाने पोर गेली त्याला अडतीस वर्षं झाली. तो पाव कुणासाठी, हे मी यांनासुद्धा कधी बोलले नाही, ते जाईपर्यंत. आता ते पान तीनशे अठ्ठ्याण्णववर आहे, आणि त्याचे साठ करून मी लोकांना वाटायचे.

पण खरा राग त्याचा नाही. त्याचाही आहे, खोटं कशाला बोलू. खरा राग शेवटाचा आहे. तू तिला परत आणलंस. सहा वर्षांची, तोच फ्रॉक, धुक्यातून चालत दाराशी आली आणि पाव खायला लागली. एका पानात! अडतीस वर्षं मी पाव करते आहे, मला नाही आणता आली. वाचताना मनात आलं, माझंच काही कमी पडलं असेल. असं मनात येऊ नये हे मला कळतं. तरी आलं.

तू प्रेमाने लिहिलंस हेही कळतं. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

साठ पाव माझ्याच्याने होणार नाहीत.

धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला माझा, आणि स्वतःची एवढी मोठी चूक दुसऱ्याने लाल शाई लावल्याशिवाय दिसली नाही.

पाव रद्द. संपादकबाईंना कारण सांगितलं नाही, नुसतं नाही म्हटलं. पत्रिकेवरच्या त्या ओळीवर मी स्वतः बसून कागदाच्या पट्ट्या चिकटवतो आहे. वहिनी पट्ट्या कापून देते.

एक कबुली देतो. शाळेत वय बसत नसताना तुझी लेक माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायची, आठवतं? चाल धरून सगळी कविता म्हणायची आणि शेवटच्या ओळीपाशी थांबायची. का म्हणून विचारलं तर सांगायची, ती म्हटली की संपते. ती गेल्यावर कितीतरी वर्षं कवितेच्या शेवटच्या ओळीला मी खडू शोधायच्या निमित्ताने फळ्याकडे वळायचो. पोरांना वाटायचं, मास्तर विसरभोळे.

ते प्रकरण तुझ्यासाठी लिहिलं म्हणालो, ते खरं नव्हतं. मी माझ्यासाठी लिहिलं. मामा होतो तिचा. मामाच्या समाचाराला कुणी येत नाही, आणि येऊही नये, आई समोर असताना.

तुला न विचारता तुझ्या खिडकीत डोकावलो. तू सांगशील तर त्या दिवशी दुसरं प्रकरण वाचतो.

क्षमा कर असं म्हणत नाही. ओलं फडकं घालून वेळ देतो.

तुझा दादा

२३ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

दुसरं वाचू नकोस, तेच वाच. वाचणाऱ्या मुलांनी चारशे पानं चालून यायचं आणि शेवटी त्यांना दार बंद दिसायचं, हे बरं नाही. मी मात्र येणार नाही. मागच्या बाकावरचं मला माहीत नव्हतं. ते पत्र मी कपाटात ठेवलं आहे. कोट इस्त्रीचा घाल आणि माइकपासून हातभर लांब उभा राहा.

धाकटी

२८ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

समारंभ पार पडला. त्रेचाळीस माणसं आली. माइक दोनदा किंचाळला, मी हातभर लांब असूनही. शेवटचं प्रकरण वाचलं. कुठे अडलो नाही, तू समोर नव्हतीस आणि तरी तूच समोर होतीस.

प्रश्नांच्या वेळी पहिल्या रांगेतली एक नऊ-दहा वर्षांची चष्मेवाली उठली. तिने विचारलं की पुस्तकात भट्टीवालीचे केस पांढरे झाले, राजाला नातवंडं झाली, मग मुलगी सहाच वर्षांची कशी राहिली? लोक हसले. संपादकबाईंनी सांगितलं की ती जादू आहे. पोरीला ते काही पटेना. तिचं म्हणणं असं की एवढ्या वर्षांनी कुणी त्या हरवलेल्या मुलीला सहा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक दिला असता, तर ती चिडलीच असती. मी सांगितलं की मला उत्तर येत नाही. घरी येताना वहिनी म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्ही वर्गात दिलेलं हे पहिलं खरं उत्तर.

हे तुला कळवावं की नाही यावर दोन दिवस अडून बसलो. पण लपवणं म्हणजे पुन्हा तुला न विचारता तुझ्या वतीने ठरवणंच झालं. म्हणून लिहिलं. बोचलं तर सांग.

तुझा दादा

२ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

त्या चष्मेवालीला कुठे भेटलास तर माझा आशीर्वाद सांग. आगाऊ आहे, पण डोकं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा पीठ फुगून तयार होतं. पिठाच्या हातानेच वाचलं, म्हणून हे उत्तर लिहिताना तुझं पत्र कडक झालं आहे. वाचलं आणि बोटांवर मोजलं. चव्वेचाळीस. अरे दादा, चव्वेचाळीस! तिला आता चाळिशी लागली असती. जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवला असता. आई, तू साखर जास्त घालतेस, म्हणून माझ्याशी वाद घातला असता आणि मी ऐकू येत नसल्याचं सोंग घेतलं असतं. एवढ्या मोठ्या बाईला मी अजून मुठीएवढा पाव देत होते.

मग बाराच्या बारा गोळे सारखे केले, तराजूवर तोलून. तिचा कोणता ते मनाशी धरलं, उजव्या कोपऱ्यातला. पण निम्मं भाजून झालं की ट्रे फिरवावा लागतो, आणि नंतर सगळे फडक्यावर उलटे पडले. त्यातला तिचा कोणता, मला ओळखता येईना. ओट्याशी उभी राहून दोन-तीनदा मोजले. थोडी रडले.

मग खाली शिंप्याला चार दिले, समोरच्या घरात चार, जिना झाडणाऱ्या बाईंना तीन. एक मी गरमच खाल्ला, लोणी लावून. खिडकीत काही ठेवलं नाही.

पुढच्या महिन्यात येते. पुस्तकावर सही घ्यायची आहे. वहिनीला म्हणावं, मला पट्ट्या चिकटवलेली एक पत्रिका ठेव.

माया होती तेवढीच आहे. पुढच्या पुस्तकात माझं काही घालायचं झालं तर आधी विचार, मी बहुतेक नाही म्हणेन.

तुझी धाकटी