नाव नसलेल्या दोन बाटल्या

पिंपरी, ता. ७ जुलै १९५७

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार. इतके दिवस पत्र नाही, याची क्षमा असावी. (लिहायला बसलो होतो, पण आजारपणाचे लिहावे तर तुम्ही घाबराल आणि न लिहावे तर खोटेपणा होईल, या विचारात दौत वाळली.) आपण व वहिनी खुशाल असाल असे समजतो.

इकडे फ्लूने अर्धा कारखाना आडवा केला आहे. मी तापलो, माझ्यामागून ही तापली. चिंचवडचे डॉक्टर छाती तपासून म्हणाले, दोघांची लघवी पाठवा. खोकला छातीत आणि तपासणी लघवीची, हे मला उमगेना. ताप अंगात किती मुरला ते त्यावरून थोडेफार कळते, असे ते म्हणाले. उकळल्यावर पांढरी झाली तर रोग्याला पुण्याच्या इस्पितळात हलवायचे. (मला हे समजले, की समजले असे मी नुसते दाखवले, ते अजून ठरत नाही.)

हिने दोन बाटल्या काढल्या. मी त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या, त्या हिने खरवडल्या. "असल्या जिनसेवर माझं नाव गावभर मिरवायचं?" माझी चिठ्ठी तरी राहू दे म्हटले, तर म्हणाली, "म्हणजे उरलेली कुणाची ते सगळ्यांना कळेल." बिननावाच्या बाटल्या घरमालकीण गोजाबाई पिशवीतून घेऊन गेल्या. एक पांढरी झाली, एक स्वच्छ राहिली. कुठली कुणाची, असे डॉक्टरांनी विचारल्यावर गोजाबाई म्हणाल्या, "दोन्ही एकाच घरच्या हायेत की. औषध द्या म्हंजे झालं."

आता पुण्याला कोणी जायचे? ही म्हणते, "पांढरी तुमचीच." मला वाटते हिची, कारण नळापर्यंत जाताना हिला धाप लागते. पण हे मी काळजीने म्हणतो की इस्पितळाच्या भीतीने? म्हणून ती माझी असे कबूल केले, तर रजेचा मोह तर नव्हे, अशी शंका आली. गोजाबाई दारातून म्हणाल्या, "दोघंबी जावा, न्हाईतर दोघंबी ऱ्हावा. भांडून ताप उतरतो व्हय?"

आपला गोंधळलेला धाकटा,
दौलत

ता. क. ही आत्ता पडल्यापडल्या म्हणाली की वाद नको, दोन्ही बाटल्या तुमच्याच होत्या. परक्या पुरुषाच्या हाती आपले जाईल या लाजेने तिने माझ्याच भांड्यातले दोन्हीत निम्मे निम्मे ओतले होते. म्हणजे मी एकटाच अर्धा बरा आणि अर्धा अत्यवस्थ. (एका बाटलीत परवापर्यंत दूध असे, हेही आताच कळले.) तेव्हा मी बहुधा ठीक आहे आणि हिची तपासणी झालेलीच नाही.

आणखी एक. वहिनींना इकडे पाठवाल का? बाटली ही त्यांच्या हाती देईल, त्यांनी सांगितले तर पुण्यालाही जाईल. माझे ऐकत नाही. एवढे लिहीपर्यंत धापेने उठून बसली आहे.

उद्याचे काम: हे पत्र पोहोचण्याची वाट न पाहता पोस्टात जाऊन वहिनींना बोलावण्याची तार करणे.