सेनापतीच्या मापाचं गाव

सोमवार, ता. ४
लेकीचा फोन. लग्नाला आठ महिने झाले, तरी मी आणि तिचे सासरे तीन वाक्यांपलीकडे गेलेलो नाही, म्हणे. व्याही रिटायर्ड सर्व्हेअर; माणसाकडेही दुर्बिणीतून बघितल्यासारखं बघतात. छंद एकच, टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून, फासे टाकून लढाया खेळायच्या. रविवारच्या लढाईला छोटं गाव हवंय. बाबा, तुम्ही बनवा, तेवढंच बोलणं होईल, असं लेकीचं म्हणणं. तीस वर्षं लोकांच्या घरांना टाइल्स लावल्या, हातभर गावाला काय घाबरायचं? जेवण गेलं नाही, ते उकाड्यामुळे.

मंगळवार, ता. ५, दुपारी ४
माप घ्यायला व्याह्यांकडे. ते आत फोनवर. काचेच्या कपाटात शिपाई दाटीवाटीने उभे. एकाला धक्का लागला तर दहा आडवे. मागे सेनापती एकटा, ऐसपैस. त्यालाच टेप लावला. एखादा शिपाई मागून घेता आला असता, पण विचारलं की अज्ञान उघडं पडतं. माझे कान तिखट. चपला आठ पावलांवर असतानाच ऐकल्या. झटकन आवराआवर. चहा. ते म्हणाले, ऊन आहे. मी म्हटलं, आहे. चांगली प्रगती.

५.३०
खिशात सेनापती!

बुधवार, ता. ६
फोन वाजला की आधी नंबर बघतो. तीनदा वाजला, तिन्ही वेळा सिमेंटवाला. टेपही सापडत नाही. त्यावर माझं नाव कोरलंय, तरी कारागिरांनी ढापला. सगळ्यांना झापलं.

गुरुवार, ता. ७
लढाईच्या खेळांचं सामान विकणारं दुकान. विटांची नक्षी उठवलेल्या प्लास्टिक शीट्स, बारीक विटेपासून जाड विटेपर्यंत. दुकानदारबाईंनी विचारलं, शिपाई आणलाय का? मी सेनापती काढून शीटला टेकवला. हा शोभेचा वाटतो, साधा शिपाई बघून मग घ्या, असं त्या म्हणाल्या. मी हसलो. एकाच फौजेतला माणूस उंचीला किती वेगळा असणार? जाड विटेची घेतली. बाईंनी बिल केलं. पटलं असणार.

शनिवार, ता. ९
पाच घरं तयार. भिंती अशा की हात फिरवत राहावं. प्लॅन : सेनापती एका घरात लपवून न्यायचा आणि गर्दीत कपाटात सरकवायचा. बायको म्हणते, सरळ सांगून टाका. तिला युद्धातलं कळत नाही. छातीत धडधडतंय, गोंदाच्या वासाने होतं तसं.

रविवार, ता. १०
टेबलाभोवती सहा जण. व्याह्यांनी एक शिपाई माझ्या दारासमोर ठेवला. डोकं कडीपर्यंतही पोचेना. खिडकीतून गोळी झाडायला शिडी लागली असती. कोणी हसलं नाही, तेच वाईट. लेक जमिनीकडे बघत होती.

व्याह्यांनी एकेक छप्पर उचललं. चौथ्या घरात सेनापती. त्याला दारात उभं केलं. बरोब्बर बसला.

"हा शोभेचा आहे," ते म्हणाले. "लढत नाही."

मी म्हटलं, छान आहे.

"भिंती सफाईदार आहेत. बारीक विटेच्या करा. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो." आणि हातात एक कागदी पुडी दिली.

मी निघताना लेक कानात म्हणाली, आज सहा वाक्यं झाली. पाच त्यांची.

पुडी रस्त्यात उघडायचं धाडस झालं नाही. घरी येऊन उघडली. आत एक साधा शिपाई.

आणि माझा टेप.