अंगठ्याएवढा खळगा

प्रिय भिंगरी,

परवा ओल्या प्लास्टरच्या टबमध्ये तू अर्धा तास जराही न हलता पडून राहिलीस, तेव्हा हीच ती मुलगी का, असा मला प्रश्न पडला. लहानपणी याच खोलीत तू माझ्या कानशी लपवायचीस आणि बाबाच्या साच्यात आडवी होऊन पाय झाडायचीस. तुला भिंगरी मी केलं आणि मला साचेकाका तू. आता कारखान्यातले साहेबसुद्धा मला त्याच नावानं हाक मारतात. माझं खरं नाव बहुधा फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलंय.

मागच्या खोलीतली फळी तू परवा बराच वेळ बघत होतीस. जगातली माणसं अवकाशप्रवासाचा इतिहास वाचतात तो रॉकेटांचा आणि झेंड्यांचा. मी पाहिला तो पाठींचा. अगदी डावीकडचे साचे पहिल्या तुकडीचे, सगळे बुटक्या, काटक्या पोरांचे, कारण तेव्हाच्या यानात उंच माणूस मावतच नसे. ती पोरं पृथ्वीभोवती एखादी चक्कर मारून यायची आणि गावोगाव त्यांच्या मिरवणुका निघायच्या. मग तिघांची यानं आली, बायका आल्या, वर महिनोन् महिने राहणारे आले, आणि अलीकडे तर पोट सुटलेले प्राध्यापकही आले, त्यांना टबमधून बाहेर काढायला दोघं लागतात. एवढं सगळं बदललं, पण परत येताना यान जमिनीवर आपटायचं ते आपटतंच. तो दणका सगळ्या पाठीवर सारखा वाटला गेला तर माणूस बाहेर येतो. म्हणून आसन ज्याच्या त्याच्या पाठीबरहुकूम लागतं, आणि म्हणून माझी नोकरी.

तुझ्या बाबाचा साचा उजवीकडून सातवा. त्याच्याबद्दल तुला घरी जे सांगितलं गेलं ते खरंच आहे: छत्री उशिरा उघडली, यान जोरात आदळलं, तो गेला. पण त्याच यानातले बाकीचे दोघं खरचटलेले हात घेऊन चालत बाहेर आले. हे कसं, असं वहिनींनी मला एकदाच विचारलं होतं, चहाचा कप हातात देताना. मी म्हटलं, नशीब. त्यानंतर इतकी वर्षं मी त्यांच्या हातचा चहा पीत आलो. माझ्यासारखा निर्लज्ज माणूस तुला शोधून सापडायचा नाही.

नशीब नव्हतं ते. डॉक्टरांच्या तपासण्या आटोपल्यानंतर आठ दिवसांनी तो घराचं छप्पर दुरुस्त करताना शिडीवरून पडला होता. कुणाला बोलला नाही. पण प्लास्टरपासून काही लपत नाही. साचा उघडला तर कमरेच्या वर अंगठ्याएवढा खळगा, म्हणजे त्याच्या पाठीवर तेवढी गाठ. मी बोट ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो शर्टाची बटणं लावत होता. म्हणाला, “तेवढं कागदावर नको.” सहा वर्षं वाट बघितली होती त्यानं, आणि माझा जिवाभावाचा मित्र होता तो. साचा तपासणाऱ्याला दिसू नये म्हणून मी तो खळगा प्लास्टरनं भरला आणि कानशीनं साफ केला. म्हणजे जिथे त्याला मोकळी जागा हवी होती, नेमकं तिथेच मी कठीण केलं. आसन बसवून बघायच्या दिवशी दोन तास ते त्याला टोचत असणार. तो विनोद सांगत होता, आणि मी हसत होतो.

परवा तुझा साचा उघडला. खळगा दिसला. जवळजवळ त्याच जागी, थोडा डावीकडे. मी काही विचारायच्या आत तूच सांगितलंस की तपासण्या झाल्यावर सायकलवरून पडलीस, आता काही दुखत नाही. उठताना तू टबची कड दोन्ही हातांनी धरली होतीस, ते मी बघितलं. मग तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, “काका, तेवढं कागदावर नको.” तुझ्या बाबाचे हे शब्द तुला कुणी सांगितलेले असणं शक्य नाही. मी हो म्हटलं, कारण तुझ्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

म्हणून हे पत्र. मी कागदावर लिहिलं, भिंगरे. तुझं लिहिलं आणि खाली तुझ्या बाबाचंही लिहिलं, मी काय भरलं आणि का भरलं ते सगळं, आणि आज सकाळी तो कागद स्वतः वर नेऊन दिला. सोमवारी तुला बोलावून सांगतील की या वेळी तुझ्या जागी दुसरं कुणी जाणार आहे. पुढे कधी पाठवतील की नाही, मला माहीत नाही. माझंही इथलं काम संपलं. वहिनींना पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझं तोंड पाहू नकोस, मला शिव्या घाल, पण चालत्या पायांनी घाल. तुझा साचा मी फळीवर ठेवलाय, बाबाच्या शेजारी. खळगा भरलेला नाही.

तुझाच,
साचेकाका