अठ्ठ्याऐंशी मिनिटांची बस

रोक्काफ्रेद्दा, ९ ऑक्टोबर

प्रिय कान्योदादा,

धाकट्या चुलतभावाचा, दोनातोचा, मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इन्कोरोनाता वहिनींचा दमा यंदा थंडीआधीच उठला असं ऐकलं. त्यांना म्हणावं, तळघरात उतरू नका, द्राक्षं तुडवायला घरात पुरुषमाणूस आहे (गुडघा धरून का होईना). आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे जिवंत. मिरच्यांच्या माळा छान वाळल्या. कार्मेला गेल्या मंगळवारपासून नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, बोलत नाही. जे सांगायचं ते भिंतीला सांगते. चांगल्या बातम्या इथे संपल्या.

तुला ठाऊकच आहे, माझी नात मारियांजेला शहरात नर्सिंग शिकते आणि तिथे खोली घेऊन राहते. ती खोली शिष्यवृत्तीवर उभी आहे. नियम असा, की घरापासून विद्यापीठापर्यंत बसला वेळापत्रकाप्रमाणे नव्वद मिनिटं किंवा जास्त लागत असतील, तर मूल 'घरापासून दूर राहणारं' ठरतं आणि त्याला खोलीचे पैसे मिळतात. एक मिनिट कमी पडलं की ते 'रोज ये-जा करणारं' होतं आणि त्याला शुभेच्छा मिळतात. गेली दोन वर्षं आपली पोर दूरची होती. तिला जवळची कोणी केली, ते आता सांगतो, बसून वाच.

नवी थेट बस मी आणली, हे तू जाणतोस. अकरा वर्षं अर्ज केले (शाळेत चौथीपुढे गेलो नाही, पण अर्जात मला कोणी हरवून दाखवावं). मे महिन्यात बँड वाजला, फीत मी कापली, पेपरात माझा फोटो आला आणि खाली छापलं, 'शहर आता अठ्ठ्याऐंशी मिनिटांवर'. ते कात्रण मी पाकिटात ठेवतो, जिथे लोक संतांची तसबीर ठेवतात.

तर मंगळवारी पोरीची परीक्षा होती म्हणून शिष्यवृत्तीचा कागद द्यायला मी गेलो. खिडकीतली बाई फार गोड. तिच्या यादीत आपलं गाव अजून जुन्याच दोन बसांच्या हिशेबाने दूरचं होतं. ती शिक्का उचलते तोच, माणूस बोलतो तसं तिने सहज विचारलं, आजोबा, एवढ्या लांबून कसे आलात? आणि दादा, माझ्या तोंडाला काय झालं कोण जाणे. बस कशी आली, अकरा वर्षं कशी गेली, फीत कशी कापली, सगळं सांगितलं. वर कात्रण काढून काचेला लावून धरलं. बाईने ते दोनदा वाचलं आणि शिक्का खाली ठेवला.

"आजोबा, हे तुम्ही मला दाखवायला नको होतं," ती म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते, पण लिहून मात्र तिने घेतलं.

मी म्हटलं, अहो, ही बस पहाटे पाचला सुटते आणि दुपारी दोनला परत फिरते. पोरीची वॉर्डातली ड्यूटी संध्याकाळी सातला संपते, ती काय उडत येईल? ती म्हणाली, नियमात परतीचं काही नाही. बसला नव्वद मिनिटं लागतात असा लेखी पुरावा महिनाअखेरपर्यंत आणा, नाहीतर खोलीचे पैसे बंद. म्हणजे पोर शिक्षण सोडणार आणि मावशीच्या बेकरीत पाव मोजणार.

मग मी ड्रायव्हर साव्हेरियोला गाठलं. तो रोज वाटेत सासूकडे गाडी थांबवून पंचवीस मिनिटं कॉफी पितो, साऱ्या बसला माहीत आहे. म्हटलं, बाबा, एवढंच लिहून दे. तो म्हणाला, "काका, तुमच्या नातीसाठी मी जीव देईन, पण कॉफीचं लिहून देणार नाही. नोकरी जाईल, आणि सासू वेगळीच." वर मला धीर द्यायला त्याने दुसऱ्या दिवशी कॉफी सोडली आणि बस एकोणऐंशी मिनिटांत नेली.

मारियांजेला रागावली नाही, हेच जास्त लागतं. फोनवर म्हणाली, आजोबा, तुम्ही जेवलात का?

वहिनींना नमस्कार. उरलेला

दोनातो

ता. क. तुझं खालचं घर तुझ्या लेकीच्या, लुचियाच्या लग्नापासून रिकामं आहे ना? तुमचं सेर्रामाला गाव डोंगरापलीकडे, तिथून शहराला दोन तास दहा मिनिटं लागतात, मी स्वतः विचारून आलो. नियमाने मुलीचं कुटुंब जिथे राहतं तेच तिचं घर. खोटं लिहून देणार नाही, आम्ही खरंच येतो: मी, कार्मेला, पोरीची आई म्हणजे माझी लेक, आणि अकरा कोंबड्या. बावन्न वर्षं राहिलेलं घर सोडायचं म्हणून कार्मेला रडली, पण भिंतीला 'हो' म्हणाली. रविवारी निघू का, एवढं कळव.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आताच सरपंचांनी हात मिळवून सांगितलं, सेर्रामालाला नव्या बोगद्यातून थेट बस मंजूर झाली, एक तारखेपासून, एक्काहत्तर मिनिटं. अर्जावर पहिली सही माझी आहे. तुझ्या पंचाहत्तरीची भेट म्हणून केला होता, तुला आधी सांगायचं नव्हतं.

मारियांजेलाला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, शांतपणे आठवा. आणखी कुठल्या गावासाठी अर्ज केलाय का?"

मी आठवतो आहे. दोन तरी नक्की आहेत.